नापास वासरांचे ठसे

ओया-सानांचा उजवा तळहात कायम ओला असायचा. घाम नव्हे. घामाला ऊब असते. हा ओलावा गार होता. टोकियोजवळ ग्योतोकुच्या स्टेशनमागे आम्ही ज्या तीन मजली इमारतीत राहायचो तिचे ते मालक. जपानीत घरमालकाला ओया-सान म्हणतात आणि आम्ही त्यांना शेवटपर्यंत तेच म्हणत आलो. घराची किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली तेव्हा ती नुकतीच नळाखालून काढल्यासारखी वाटली. मी नकळत हात पँटला पुसला. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "नाक असंच असावं. कोरडं पडलं तर डॉक्टरला बोलवायचं."

मला वाटलं, आपलं जपानी कमी पडतंय.

तरुणपणी ते जपानच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात वासरं तपासायचे. मांसासाठी पाळलेल्या जातिवंत गुरांची तिकडे माणसांसारखी नोंद होते. आई कोण, बाप कोण, आईचा बाप कोण. वासरू काही महिन्यांचं झालं की तपासनीस गोठ्यावर येतो, रंग बघतो, अंगावरचे भोवरे बघतो आणि वासराच्या नाकाला शाई लावून कागदावर ठसा घेतो. माणसाच्या अंगठ्यासारखंच प्रत्येक गुराच्या नाकावरचं जाळं वेगळं असतं. ओया-सानांनी उमेदीची सगळी वर्षं हे काम केलं. एका हातानं वासराची मान आवळायची, दुसऱ्यानं नाक पुसायचं, शाई लावायची, कागद दाबायचा. पुसलेल्या नाकावर लगेच पुन्हा दव येतं, म्हणून हात चपळ लागतो. पुढे सासऱ्यांची ग्योतोकुची जागा बायकोच्या वाट्याला आली, तिच्यावर ही इमारत उभी राहिली, बायको गेली, आणि वासरं तपासणारा माणूस भाडेकरू तपासू लागला.

हे मी गमतीनं लिहीत नाही. आम्ही घर बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी आमचे कागद चाळलेही नाहीत. माझ्या मागे जाऊन उभे राहिले, मग मानसीच्या, आणि मग वाकून आमच्या ईराच्या डोक्यावरचे केस बाजूला केले. ईरा तेव्हा बालवाडीत जायची.

"दोन भोवरे," ते म्हणाले.

"काय म्हणतायत?" मानसीनं विचारलं.

"डोक्यावर दोन भोवरे आहेत म्हणतायत."

"ते मला माहितीये. सासूबाई बारशालाच म्हणाल्या होत्या, दोन लग्नं करणार म्हणून. यांना काय करायचंय?"

मला मात्र त्या माणसाबद्दल तिथेच काहीतरी वाटलं. माझे वडील आटपाडीकडे पशुधन पर्यवेक्षक होते. खिल्लार बैलाच्या अंगावरचा भोवरा कुठे असला की बाजारात त्याला गिऱ्हाईक मिळत नाही हे त्यांना तोंडपाठ होतं. सुट्टीत मी त्यांच्यामागे गोठ्यागोठ्यांतून फिरलोय. आता ते एकटे असतात. दर रविवारी त्यांना फोन करायचा असं मी ठरवलं होतं, आणि पुष्कळदा तोच वेळ मी ओया-सानांबरोबर घालवायचो. तेवढ्यावरून मी किती चांगला मुलगा आहे हे कळेल. एकदा फोनवर मी त्यांना या ओल्या हाताबद्दल सांगितलं तर ते खूप हसले.

"आरं, नाकपुडं ओलं हाय न्हवं? मग जनावर ठणठणीत हाय. त्या म्हाताऱ्याला सांग, तू लई जगणार."

मी ते सांगितलं. ओया-सान हसले नाहीत. "हा ओलावा माझा नाही," ते म्हणाले.

ते आम्हाला नावानं हाक मारत नसत. घराच्या नंबरावरून मी 'दोनशे एक-सान', मानसी 'दोनशे एकची ओकुसान', म्हणजे बायको, आणि ईरा 'दोनशे एकची लहान'. त्यांचा आणखी एक शब्द होता. फुगोकाकु. म्हणजे नापास. रस्त्यावरून जाणारा कुत्रा, नव्या दुकानाची पाटी, मानसीनं प्रेमानं नेऊन दिलेलं बेसनाच्या लाडवांचं ताट, सगळ्यांना ते डोळे बारीक करून पाहायचे आणि तो शब्द टाकायचे. त्याच्या उलट शब्द गोकाकु. पास. परीक्षांच्या दिवसांत इथे चॉकलेटच्या वेष्टनावरसुद्धा छापलेला असतो. पण त्यांच्या तोंडून तो मी कधी ऐकला नव्हता. एकदा ईरानं त्यांना शाळेतलं चित्र दाखवलं तेव्हा शब्द अगदी ओठांपर्यंत आला, आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं.

रविवारी ते सुपरमार्केटात जात आणि मला बरोबर नेत. विकत काही घ्यायचे नाहीत. मांसाच्या कपाटासमोर उभे राहायचे. मी गाय न खाणारा माणूस. सुरुवातीला मान वळवून टोफूकडे बघत राहायचो. मग हळूहळू बघू लागलो. पातळ कापांचे ते गुलाबी-पांढरे पुडे, प्रत्येकावर त्या जनावराचा नंबर. ओया-सान एकेका पुड्यावर बोट ठेवत.

"हा वाग्यु. काळा. हा वाग्यु नाही, दुधवालीचा मुलगा. आई दूध देते, मुलगा काय देणार? हा मिश्र. बाप काळा, आई दुधवाली."

वाग्यु म्हणवणाऱ्या जाती चारच, असं ते सांगत. काळी, तांबडी, आखूडशिंगी आणि बिनशिंगी. काळी सगळीकडे. तांबडी दक्षिणेला. आखूडशिंगी उत्तरेच्या थंडीत, गवतावर. बिनशिंगी आता अगदी थोडी उरलीये, त्यांच्या लहानपणी ती शेजारच्या प्रांतात दिसायची. ही माहिती कुणीही देईल. ओया-सानांची सांगण्याची तऱ्हा वेगळी होती. जणू घरातली जुनी भानगड सांगतायत अशा आवाजात, कपाटाच्या थंड काचेला तोंड लावून.

"ही गुरं समुद्रापलीकडून आली, भाताबरोबर. नांगराला होती. कुणी खायचं नाही, तुमच्यासारखंच. मग राजधानीतून हुकूम आला की मोठी करा. स्वित्झर्लंडहून वळू आणले, इंग्लंडहून, स्कॉटलंडहून. सगळं मिसळलं. मग ते मिसळलेलं विसरले आणि शुद्ध म्हणायला लागले. आमचं काम तेच, विसरायला मदत करायची. काळ्या कालवडीच्या पोटावर नको तिथे पांढरा डाग निघाला की आम्ही म्हणायचो, आजोबा आले. आणि तिला नापास करायचो."

मांस ठेवणारा पोरगेला कामगार आम्हाला बघून दुसऱ्या रांगेत निघून जायचा.

"आणि हे?" मी एकदा पुड्यावरच्या 'कोकुसान' या शब्दाकडे बोट दाखवलं. कोकुसान म्हणजे देशी, इथलं.

"त्याला जात लागत नाही. जन्म कुठलाही असो, जिथे जास्त काळ राहिलं तिथलं." ते वळले. "दोनशे एकची लहान आता कोकुसान झाली. तुम्ही?"

"मी मोजलं नाही."

"मोजू नका," ते म्हणाले.

घर भाड्यानं घेतलं तेव्हा त्यांनी आम्हाला एक चौकट भेट दिली होती. पिवळट कागदावर काळ्या शाईचा ठसा, त्यात बारीक पांढऱ्या रेषांचं जाळं. मानसीला ते धुक्यातल्या डोंगररांगांचं चित्र वाटलं. तिनं हॉलमध्ये लावलं. येणारे-जाणारे मराठी मित्र त्याच्यासमोर उभे राहून जपानी लोकांच्या साधेपणाबद्दल बोलायचे.

वसुबारसेला मानसीची दरवर्षी पंचाईत व्हायची. ग्योतोकुत गाय-वासरू कुठून आणायचं? मोबाईलवरचं चित्र पुजायला तिला आवडत नसे. "बॅटरी संपली की गाय गेली," असं म्हणायची. त्या वर्षी एदोगावा भागातल्या भारतीय दुकानातून तिनं बाजरीचं पीठ आणलं होतं, गवारीची भाजी केली होती, आणि नेमके ओया-सान स्वयंपाकघरातला गळका नळ बघायला आले. पाट रिकामा पाहून त्यांनी विचारलं, काय शोधताय? मी म्हटलं, गाय हवीये, चित्र असलं तरी चालेल.

"ती काय," ते म्हणाले. "भिंतीवर आहे की."

मानसीनं चौकट खाली उतरवली आणि कितीतरी वेळ बघत राहिली. डोंगर गेले आणि नाक दिसायला लागलं. एकदा दिसल्यावर पुन्हा डोंगर दिसेनात.

"अहो, नीट विचारा. खरी गाय होती का ही?"

मी विचारलं. ओया-सान म्हणाले, "कालवड होती. पोटावर पांढरा डाग. मी नापास केली. ठसा आधी घेतला होता. पास झालेल्यांचे ठसे कचेरीत गेले, नापास झालेल्यांचे फेकायचे असतात. मी घरी नेले."

"पुढे काय झालं तिचं, विचारा ना."

"खाल्ली," ते म्हणाले. "सगळ्यांनाच खातात. पास झालेल्या महाग, नापास झालेल्या स्वस्त."

मानसी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या हातात हळदीकुंकवाची कुयरी होती.

"म्हातारी होऊन गेली म्हणे," मी सांगितलं.

तिनं चौकट पाटावर ठेवली. कुंकू लावलं, फूल वाहिलं, निरांजनानं ओवाळलं, बाजरीच्या भाकरीचा तुकडा त्या काळ्या नाकासमोर धरला. ईरा मांडी घालून बसली होती. ओया-सान हातात पाना घेऊन उभे होते. मग ते दारापाशी चपला काढायच्या खोलगट जागेत गेले आणि तिथेच गुडघे टेकून बसले. आमच्याकडे पाठ करून.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ओकुसान तिला काय म्हणाली?"

"आमच्याकडे मुलाबाळांना आयुष्य दे असं मागतात."

"तिच्याकडे?" पाठ तशीच. "माझ्याकडे अजून पुष्कळ आहेत. त्यांचंही कराल? मी आहे तोवर, आणि नंतरही. नंतर त्यांना कुणी नाही. त्यांच्या नावाचा दुसरा कागद कुठेच नाही."

"आता काय म्हणतायत?" मानसी.

"काही नाही. आभार मानतायत," मी म्हटलं, आणि त्यांना जपानीत सांगितलं, हो, करू, सांभाळू.

दोघांशी एका दमात खोटं बोललो. मानसीशी बोललो ते तिचा सण मोडू नये म्हणून. ओया-सानांशी का, तर परदेशी माणसाला घर देणारा मालक मिळवायला आम्ही बरीच दारं पाहिली होती, आणि मालकाला नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. वसुबारस वर्षातून एकदाच येते हे मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

त्यानंतर दर रविवारी दाराच्या मुठीला एक पाकीट लटकलेलं असायचं. आत एक ठसा, कोपऱ्यात पेन्सिलीनं त्या वासराच्या आईचं नाव. मानसीला मजा वाटली. ती प्रत्येक ठशाला कुंकवाचं बोट लावायची आणि देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवायची. "पांजरपोळ झालाय माझा," म्हणायची. मला त्या कप्प्याकडे बघवत नसे. तिला माहीत नव्हतं की ती कुणाला कुंकू लावतेय.

थंडीत आमच्या बाल्कनीच्या काचेवर, आतल्या बाजूनं, रोज सकाळी एक गोल धूसर डाग दिसू लागला. बाकी काच कोरडी, तेवढाच वाफेचा गोल. ईराच्या छातीच्या उंचीवर. मानसी तिला रागावली, की काचेला तोंड लावू नकोस. ईरा जपानीत म्हणाली, मी नाही. आणि कप्प्याकडे बोट केलं, अगदी सहज, शेजारच्यांकडे दाखवावं तसं. मी फडक्यानं डाग पुसला. डबा भरून होईतो तो परत आला होता. हिवाळ्यात बंद घरात काचांवर वाफ धरतेच, असं मी मानसीला सांगितलं. ते खरंही आहे.

मग ओया-सान जिन्यात पडले. त्यांना नदीपलीकडे एदोगावातल्या वृद्धाश्रमात नेलं. मी सायकलनं भेटायला गेलो. खिडकीशी खुर्चीत बसले होते. निघताना मी वाकलो तेव्हा त्यांनी उजवा हात पुढे केला. तळहात कोरडा होता. जुन्या वहीच्या पानासारखा.

"गेल्या," ते म्हणाले. चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला निवांतपणा होता. "तुमच्याकडे आहेत ना?"

"आहेत."

"सगळ्या?"

"सगळ्या."

पुढे त्यांचा मुलगा आला. नागोयात नोकरी करणारा, हसतमुख माणूस. इमारत पाडून जागा विकायची होती. आम्ही शेजारच्या उरायासुत घर शोधलं, आधीच्यापेक्षा लहान. सामान बांधायला सुरुवात झाली तेव्हा मुलगा भेटायला आला आणि हॉलमधली चौकट बघून हसत सुटला. ईरा तिथेच होती. तो तिला म्हणाला, तुझ्या घरात हे काय? ही तर मांसाची गुरं, त्यातली पण नापास. माझे बाबा वेडे आहेत. फेकून द्या, कागदाच्या कचऱ्यात.

तो गेल्यावर ईरानं आईला सगळं मराठीत सांगितलं. एरवी मराठीत बोल म्हणून मागे लागावं लागतं. त्या दिवशी तिनं एकेक शब्द शोधून, नीट जुळवून सांगितलं.

मानसी कप्पा उघडून त्या गठ्ठ्याकडे बघत राहिली. सगळे ठसे कुंकवाच्या बोटांनी लाल.

"तुम्हाला माहीत होतं," एवढंच म्हणाली.

"हो."

दुसरा दिवस जुन्या कागदाच्या कचऱ्याचा होता. मी माझ्याच बुद्धीनं ठरवलं की हे आता तिच्या डोळ्यांसमोरून जायला हवं. तिला विटाळल्यासारखं झालं असणार, देव्हाऱ्याखाली हे असं. आणि खरं कारण असं की त्या गठ्ठ्यात माझं खोटं होतं, आणि ते मला उरायासुला न्यायचं नव्हतं. सकाळी मी सगळे ठसे नियमाप्रमाणे पांढऱ्या सुतळीनं आडवे-उभे बांधले आणि खाली कचऱ्यासाठीच्या जाळीच्या चौकोनात ठेवून आलो. स्वच्छ ऊन होतं. जानेवारीतली इथली हवा हाताची कातडी फोडते इतकी कोरडी.

वर आलो तर मानसी कप्प्यासमोर उभी.

"कुठे आहेत त्या?"

"टाकल्या. मला वाटलं तुला..."

"मला काय वाटतं ते विचारलंत?" तिचा आवाज चढला नव्हता. "म्हातारी होऊन गेलेली गाय कुणीही पुजेल हो. हिला कोण पुजणार होतं? एवढी वर्षं त्या माणसानं जपलं. तुम्ही त्याला हो म्हणालात, ते तरी खरं होतं का?"

आम्ही तिघं जिना उतरून खाली गेलो. कचऱ्याची गाडी नुकतीच कोपऱ्यावरून वळत होती. जाळीखालचं सगळं गेलं होतं, शेजाऱ्यांची मासिकं, खोकी, वर्तमानपत्रं. आमचा गठ्ठा मात्र तिथेच होता. वर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. इथे कचरा चुकीचा ठेवला तर तो उचलत नाहीत, अशी चिठ्ठी लावतात आणि कारणापुढे खूण करतात. मला ती पटकन वाचता येईना. ईरानं वाचली.

"ओला कागद," ती म्हणाली. "ओला कागद घेत नाहीत, पपा."

जमीन कोरडी होती. सुतळी कोरडी होती. मानसी खाली बसली आणि वरच्या ठशाला तिनं हाताची पालथी बाजू लावली. मुंबईत वाढलेली ती, आयुष्यात कधी गोठ्यात गेली नव्हती. तरी माझे वडील गुराच्या नाकपुड्याला जसा लावायचे तसाच लावला. मग माझ्याकडे बघून तिनं तो हात माझ्या गालाला टेकवला. गार आणि ओला.

गठ्ठा तिनं स्वतः वर नेला.

उरायासुला जाण्याआधी मी हॉलमधली चौकट घेऊन वृद्धाश्रमात गेलो. ओया-सान आता जास्त बोलत नव्हते. मी त्यांना सगळं सांगितलं. मानसीशी बोललेलं खोटं, सुतळी, जाळी, पिवळी चिठ्ठी. सांगताना मान वर करता आली नाही.

ते ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारलं, "पाऊस होता?"

"नाही. ऊन होतं."

"ओकुसान काय म्हणाली?"

"ठेवायच्या म्हणाली. खाल्लेल्या असल्या तरी."

त्यांनी खूण केली तशी मी चौकटीची मागची पाटी काढून कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी कोरडा हात त्या नाकावर ठेवला आणि डोळे बारीक केले, ईराच्या डोक्यावरचे भोवरे तपासले होते त्या दिवशीसारखे. कितीतरी वेळ. खिडकीबाहेर नदीचं पाणी चमकत होतं. मग हात उचलून त्यांनी तळव्याकडे पाहिलं, आणि हळू, एकेक अक्षर सोडत म्हणाले,

"गोकाकु."